साळिंदराचा मळा आणि कासव कारभारी

बाळांनो, एका रानात, ओढा जिथे वळण घेतो तिथे, एक म्हातारा साळिंदर राहत असे. उभ्या जन्मात त्याने हौस केली ती एकच, रताळ्यांच्या मळ्याची. झऱ्याच्या काठापासून थेट मुरमाड टेकाडापर्यंत त्याचे वेल पसरलेले असत. हातपाय थकले तेव्हा त्याने डोहातल्या कासवाला बोलावले, टिटवीला साक्षीला बसवले आणि सांगितले, "मित्रा, मी गेल्यावर या मळ्याचा कारभारी तू. माझ्या दोन मुलांना आणि मुलीला सारख्या वाटण्या करून दे. तोवर मळा सांभाळ." कासवाने मान डोलावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत साळिंदर वारला.

आता, कासवाच्या मालकीचे आजवर पाठीवरच्या कवचाखेरीज काही नव्हते. दुसऱ्याची मालमत्ता अशी एकदम अंगावर येताच त्याची झोप उडाली. एखादे रताळे कमी भरले तर? 'कासवानेच खाल्ले असेल,' असे कोणी म्हटले तर? त्याने पुष्कळ विचार केला आणि शेवटी मळ्याच्या तोंडाशी आडवे बसून जाहीर केले, "वाटण्या होईपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही." इतरांना सांगितले ते स्वतःलाही लागू, म्हणून ते वेलाच्या पानावरही पाय पडणार नाही अशा बेताने अंग चोरून बसू लागले.

वाटण्यांसाठी त्याने तिन्ही भावंडांची बैठक बोलावली. थोरला डोंगरापलीकडून आला, धाकटा बांबूच्या बनातून आला आणि मुलगी तर मळ्यातच राहत होती. वडिलांच्या आजारपणात त्यांचे आणि वेलांचे दोघांचे तिनेच केले होते. पण साळिंदरांची बैठक म्हणजे काय, हे कासवाला ठाऊक नव्हते. वाटणीचा शब्द निघाला आणि तिघांच्याही पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. जवळ बसावे तर काटे टोचतात, म्हणून थोरला वरच्या बांधावर जाऊन बसला, धाकटा खालच्या बांधावर आणि मुलगी मधल्या दगडावर. एवढ्या लांबून बोलायचे म्हणजे ओरडूनच बोलावे लागणार.

"मला झऱ्याशी जागा हवी," थोरला ओरडला.

वाऱ्यात ते धाकट्याला नीट ऐकू गेले नाही. "दादाला जराशी जागा हवी म्हणतोय," तो खूश होऊन म्हणाला. "मग देऊन टाका त्याला जराशी. उरलेली मला चालेल."

"तुला चालेल म्हणजे? बाबांनी सारखं वाटा म्हणून सांगितलंय," मुलगी म्हणाली.

"ताई काय म्हणतेय?" थोरल्याने विचारले.

"म्हणतेय, तिला सारखं वाटतंय," धाकटा ओरडला.

"काय वाटतंय?"

"ते नाही सांगितलं."

कासव या सगळ्यांच्या मध्ये होते. काट्यांच्या भीतीने त्याने मान आत घेतली, त्यामुळे पुढचे त्याला काहीच ऐकू आले नाही. बैठक संपली तेव्हा थोरल्याला वाटत होते की झऱ्याकाठची जागा आपली झाली, धाकट्याला वाटत होते की जवळजवळ सगळा मळा आपला झाला, आणि कासवाला वाटत होते की अजून बैठक चालूच आहे.

अशा आणखी दोन-तीन बैठका झाल्या, आणि दोघे भाऊ वाटणीची वाट बघत आपापल्या बांधावरच मुक्कामाला राहिले. तोवर रताळी काढणीला आली. एका सकाळी मुलगी कासवाकडे आली आणि म्हणाली, "कासवकाका, वेलांची पानं पिवळी पडलीत. जमिनीला भेगा गेल्यात. आता रताळी काढायला हवीत."

"हात लावायचा नाही," कासव म्हणाले.

"मग थोडं पाणी तरी घालू? निदान भेगा बुजतील."

"पाणी घातलं तर रताळी फुगतील. मग मला पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडावा लागेल."

"काका, बांधाखालून घुशी शिरल्यात. रात्री कुरतडल्याचा आवाज येतो."

कासवाने यावरही विचार केला. "त्यांनाही सांग," ते गंभीरपणे म्हणाले, "वाटण्या होईपर्यंत हात लावायचा नाही."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी तुम्हाला मळा सांभाळायला सांगितला होता ना, काका? हा तर वाळत चाललाय." आणि ती मागे न बघता निघून गेली. कासवाला ते फार लागले. आपण एका पानालाही पाय लावला नाही, आणि तरी आपल्यालाच बोल. रागाने त्याने दुपारभर मान आतच ठेवली. पण आत अंधारात त्याला पुन्हा पुन्हा म्हाताऱ्या साळिंदराचा चेहरा दिसू लागला. संध्याकाळी ते मुकाट्याने उठले आणि घोरपडीकडे निघाले.

ही घोरपड टेकडीवरच्या कातळावर राहत असे. कोणाची हद्द कुठवर, कोणाचे बीळ कोणाला मिळायचे, अशा बाबतीत सारे रान तिचा सल्ला घेई, कारण एखादी गोष्ट हाती धरली की ती सोडत नसे. कासव तिथे पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाचे ऊन चांगले तापले होते. घोरपडीने एक डोळा उघडून सगळी हकिगत ऐकून घेतली.

"म्हणजे मळ्याचे मालक तुम्ही झालात?" तिने विचारले.

"छे, छे, बाई. मी फक्त कारभारी."

"मग ती तीन मुलं मालक झाली?"

"अजून कुठं? वाटण्या व्हायच्यात."

"मग आज मळा कोणाचा?"

कासव घुटमळले. "आज तसा... म्हाताऱ्याचाच म्हणायचा."

"आणि म्हाताऱ्याची रताळी सडायला लागली तर म्हातारा येऊन काढणार आहे का?"

घोरपडीने दुसराही डोळा उघडला. "कासवराव, म्हाताऱ्याचे हातपाय चालेनात म्हणून त्यानं तुमचे घेतले. तो असता तर त्यानं आत्ता जे केलं असतं, ते तुम्ही करायचं. पीक काढायचं, नीट साठवायचं, किती निघालं ते तिघांना एकत्र दाखवायचं. कारभाऱ्यानं हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. वाटण्या मागाहून."

"पण एखादं रताळं कमी भरलं तर?"

"सगळ्यांसमोर काढलंत तर कमी कसं भरेल? आणि तुम्ही न काढता घुशींनी नेली, त्याचा जाब काय देणार आहात?" एवढे बोलून तिने एक डोळा मिटला. मग काहीतरी आठवून पुन्हा उघडला. "आणि हो, त्या तिघांना बसवून बोलायला लावू नका. जमीन उकरायला लावा. उकरताना साळिंदराचे काटे पाठीला चिकटून असतात."

परत येताना कासव त्याला जमेल तेवढे धावले. कोणाच्या ते लक्षात आले नाही, पण त्याला स्वतःला चांगलीच धाप लागली होती. मळ्यात शिरून त्याने तिघांनाही हाक मारली. "चला, रताळी काढायला घ्या."

"कोणाच्या वाट्याची?" थोरल्याने लगेच काटे उभारून विचारले.

"कोणाच्याच नाही. तुमच्या बाबांची. त्यांचं पीक आहे आणि ते वाया चाललंय," कासव म्हणाले, आणि नियम करणारे तेच पहिल्यांदा वेलात शिरले.

बाबांचे नाव निघाल्यावर कोणाला नाही म्हणता येईना. तिघे उकरायला लागले. बांधाकडच्या ओळी घुशींनी पोखरल्या होत्या. तिथे हाती नुसती सालपटे आली. ती बघून धाकट्याचा चेहरा उतरला आणि त्याने उकरण्याचा वेग वाढवला. मधल्या ओळी मात्र भरलेल्या निघाल्या. ऊन कलले तेव्हा उकरता उकरता तिघेही एकाच ओळीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल इतके जवळ आले होते, आणि एकाचाही काटा उभा नव्हता.

"दादा," धाकटा माती झाडत म्हणाला, "तुला जराशीच जागा का हवीय? तुझं कुटुंब तर मोठं आहे."

"जराशी? मी झऱ्याशी म्हणालो होतो. पाय दुखतो माझा, पाण्यासाठी लांब चालवत नाही."

सगळा मळा हातून गेल्याचे दुःख धाकट्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मग तो ओशाळून म्हणाला, "पाणी तर मलाही लागणार."

"पाणी सगळ्यांनाच लागतं," मुलगी म्हणाली. "आडव्या वाटण्या केल्या तर एकाला सगळा झरा आणि एकाला सगळा मुरूम. उभ्या करा ना. प्रत्येकाच्या वाटणीचं एक टोक झऱ्याला, एक टेकाडाला."

कासवाने मळ्याकडे बघितले. इतके दिवस दारात बसून हे आपल्याला कसे दिसले नाही, याचे त्याला नवल वाटले. मग त्याने झऱ्यापासून टेकाडापर्यंत मळा चालत जाऊन उकरलेल्या मातीत उभ्या रेघा ओढल्या. तिघांनी त्या पाहिल्या आणि मान्य केल्या. निघालेल्या रताळ्यांचा ढीगही सगळ्यांसमोर सारखा वाटला गेला. घुशींनी नेलेल्या ओळींबद्दल कासवाने स्वतःच सांगितले, "हे नुकसान माझ्यामुळे झालं. मी आधीच विचारायला जायला हवं होतं." थोरल्याला रागावायचे होते, पण दिवसभर उकरून काटे उभे करण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

पुढच्या महिन्यात एक म्हातारी खार काठीच्या आधाराने डोहावर आली आणि कासवाला म्हणाली, "माझी बोरीची झाडं आहेत आणि पोरं भांडखोर आहेत. माझ्या मागे कारभार पाहशील का?" डोहातल्या बेडकांना वाटले, आता हे मान आत घेणार. पण कासवाने मान आणखी पुढे काढली आणि विचारले, "पाहीन. आधी सांग, बोरं पिकायला किती अवकाश आहे?"

तात्पर्य : कोणी विश्वासाने सोपवलेली ठेव आधी जगवावी, मग वाटावी, आणि कशी ते कळत नसेल तर जाणत्याला विचारायला उशीर करू नये.