उपरण्याचे दोन तुकडे

“…आणि सातवी, महाराज, इंग्रजी माध्यमाची. पण तिथं अशा मुलांसाठी वेगळ्या बाई आहेत. आता तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?”

माणिकराव घाटग्यांनी फाईल पुढं सरकवली. पाटबंधारे खात्यातले मोठे साहेब ते. मुलीसाठी सात शाळांचा तक्ता करून आणला होता. अंतर, वर्गातली मुलं, शिक्षकांच्या पदव्या, सगळ्याला गुण दिलेले. धरणाची जागासुद्धा त्यांनी इतक्या बारकाईनं निवडली नसेल.

टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात राहणारे भानबुवा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तक्ता पाहिला. मग उलटा धरून पाहिला.

“छान आहे,” म्हणाले. “पोरगी कुठाय?”

पोरगी नंदीमागं होती. रेवा तिचं नाव, वय आठ. दिवसाकाठी चार शब्द बोलली तर खूप. नंदीच्या शेपटीवरून बोट फिरवत बसली होती, अगदी मन लावून.

“शाळांनी काय विचारलं तिला?”

“विचारतात कुठं? मुलाखत सुरू झाली की नेमकी घंटा होते, आणि ही कान झाकून टेबलाखाली! साधी शाळा म्हणते, खास शाळेत घाला. खास शाळा म्हणते, एवढी हुशार पोर आमच्याकडं कशाला? वर्ष झालं, महाराज, घरी बसलीय. आणि परवा प्रवेश बंद होतात.”

बुवा शेंगा सोलत राहिले.

“मला अशी शाळा हवीय,” माणिकराव म्हणाले, “जी वर्षभरात तिची ही घंटेची भीती मोडून काढेल.”

“आणि तुमची?”

“माझी? माझी कसली भीती?” साहेबांचा आवाज चढला.

बुवांनी सोललेले दाणे त्यांच्यापुढं केले.

मग आवाज उतरला. “आमच्यामागं हिचं कसं व्हायचं, हीच.”

तेवढ्यात पायऱ्या चढून कृष्णाआजी आल्या. आल्या त्या दोरी धरून त्यांनी देवळाची घंटा अशी काही हाणली, जणू महादेव दोन गावं पलीकडं राहतो.

रेवा किंचाळली. कान झाकून नंदी आणि भिंत यांच्या सांदीत शिरली.

“बघा! बघितलंत?” माणिकराव म्हणाले. “सातही ठिकाणी हेच!”

बुवा उठले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि टर्रकन फाडून त्याचे दोन तुकडे केले. एक घेऊन घंटेखाली गेले. हात वर केला. पुरेना. देवळात शिडी नव्हती.

“वाका,” ते माणिकरावांना म्हणाले.

“मी?”

“मग काय महादेवाला सांगू?”

साहेब खांब धरून वाकले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट. बुवा त्यांच्या पाठीवर चढले. बुवा काही हलके नव्हते. वर्षानुवर्षांचा नैवेद्य अंगी लागला होता.

“जरा डावीकडं… अहो, हलू नका! एवढी धरणं बांधता, आणि दोन घटका उभं राहता येत नाही?”

असं करत करत त्यांनी आतल्या लोलकाला फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि उतरले.

आजींची एका घंटेनं हौस भागत नसे. त्यांनी पुन्हा दोरी ओढली.

थप्प.

“अगं बाई! घंटा बसली की काय? बुवा, आता देवाला कळायचं कसं, मी आलेय ते?”

“तो काय बहिरा आहे, आजी?”

सांदीतून एक डोकं बाहेर आलं. रेवानं एक हात कानावरून काढला. जरा थांबून दुसरा. मग सरळ घंटेखाली आली, आजींच्या हातातून दोरी घेतली आणि ओढली.

थप्प. थप्प. थप्प.

आणि हसली. खळखळून.

माणिकरावांनी ते हसू वर्षभरात ऐकलं नव्हतं. त्यांना चष्मा पुसावा लागला. डोळ्यात धूळ गेली, असं कुणी न विचारताच आजींना सांगूनही टाकलं.

पण माणूस खात्यातला. फाईल उचलून म्हणालेच, “हे सगळं ठीक आहे, महाराज. पण शाळा कुठली?”

बुवांनी उपरण्याचा उरलेला तुकडा फायलीवर ठेवला.

“उद्या हिला घेऊन सातही शाळांत परत जा. तक्ता घरी राहू दे. हे फडकं तेवढं न्या.”

“आणि विचारू काय?”

“शिडी कुठं ठेवता, एवढंच.”

माणिकरावांनी फडक्याची नीट घडी घातली. मागं थप्प, थप्प चालूच होतं.

“आणि एकाही शाळेत शिडी नसली तर…?”

बुवांनी त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. पांढऱ्या शर्टावर दोन मातकट पावलं उमटली होती. बुवांनी ती नीट निरखून पाहिली आणि म्हणाले,

“पाठ बरी आहे तुमची.”