आड कोणी खणला?

एका गावात एक आड होता आणि त्या आडावरून भांडणाऱ्या दोन आळ्या होत्या. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर तिथले लोक तुमच्या दारात भांडायला येतील.

वरची आळी म्हणे, आड आमच्या रायाजीबाबांनी एका हाताने खणला. दुसऱ्या हातात भाकरी होती. खालची आळी म्हणे, आड आमच्या म्हाळसाआजीने नुसत्या टाचेने उकरला, आणि लुगडं भिजूसुद्धा दिलं नाही. हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण जत्रेच्या दिवशी देवाच्या अंघोळीची पहिली घागर आडातून कोणी ओढायची, हा मान त्यावर ठरायचा. दर जत्रेला दोनचार डोकी फुटायची आणि देव बिचारा दुपारपर्यंत पारोसा बसायचा.

गावात नरहर नावाचे पंतोजी होते. इतिहास शिकवायची त्यांची रीत मोठी सोयीची. सकाळी पोरं डोलत डोलत रायाजीबाबांचा इतिहास घोकायची आणि दुपारी तीच पोरं, तितकंच डोलत, म्हाळसाआजीचा. दोन्ही आळ्यांतून शिधा यायचा. एखाद्याने विचारलंच, "गुरुजी, यातलं खरं कोणतं?" तर पंतोजी म्हणायचे, "सकाळी सकाळचं, दुपारी दुपारचं." हसू नका. तुम्हीही असंच घोकून पास झालात.

एका वर्षी ही कागाळी राजापर्यंत गेली. राजाने निरोप धाडला, "यंदा जत्रेला मी येतो. आड कोणी खणला ते शाळेतल्या मुलांनी सांगावं, कारण मुलं खोटं बोलत नाहीत." राजाला मूलबाळ नव्हतं, हे उघडच आहे. निरोपात पुढे होतं, "त्यावरून पहिल्या घागरीचा मान कायमचा ठरेल. आणि पंतोजींनी खोटं शिकवलं असेल, तर त्यांनी त्याच दिवशी गाव सोडावं."

वरच्या आळीचे हैबतीनाना शाळेत येऊन म्हणाले, "पंतोजी, आजपासून दुपारचा धडा बंद." ते गेले न गेले तोच खालच्या आळीच्या कोंडामावशी आल्या. "सकाळचा बंद करा हो, नाहीतर तुमची चूल बंद!"

पंतोजींच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ आडाचंही पळालं. आजवर तो आड कधी आटला नव्हता, म्हणून त्यातला गाळही कधी कोणी काढला नव्हता. आता दोन्ही आळ्यांचे गडी गाळ उपसायला लागले. पाट्याच्या पाट्या वर यायच्या आणि काठावर ढीग पडायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. पंतोजी छडी घेऊन शोधायला निघाले. सगळी शाळा गाळाच्या ढिगांभोवती उकिडवी बसली होती. कोपरापर्यंत चिखल, डोळ्यांत चमक.

"गाढवांनो! धडा कोण म्हणणार?"

ठकू नावाची कुंभाराची मुलगी उठली. तिचं घर दोन आळ्यांच्या बरोबर मध्ये, म्हणून ती दोघांच्याही शिव्या खायची. तिने दोन खापरं पुढे केली. "गुरुजी, हे आधीच्या ढिगातलं. माझ्या बाच्या हातचं. आणि हे आत्ताच्या पाटीतलं, माझ्या आज्याचं."

"कशावरून?" पंतोजी ओरडले. ते विचारत नव्हते, दटावत होते. पण ठकूला वाटलं, विचारलंच.

"कडेला नखाची नक्षी आहे ना, त्यावरून. आजा प्रत्येक घागरीला काढायचा. बाला तेवढा वेळ नसतो."

पंतोजींनी खापर हातात घेतलं. मग दुसरं घेतलं. मग छडी बगलेत मारली आणि धोतर सावरून तेही उकिडवे बसले. वरच्या गाळात बाप, खालच्या गाळात आजा. मग त्याच्याही खाली कोण? पन्नास वर्षांत त्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं होतं.

त्यांनी गड्यांना सांगून प्रत्येक खेपेचा ढीग वेगळा लावून घेतला, ओळीने. आणि पोरांना नेम घालून दिला, "वस्तूला हात लावल्याशिवाय गोष्ट सांगायची नाही. हे काय आहे? कोणाच्या हातून पडलं असेल? आधी पडलं की नंतर? आणि कशावरून?"

काय मजा चालली म्हणून सांगू! पहिल्या ढिगात भोवरे आणि बांगड्या. तिसऱ्यात चिलीम, हैबतीनानांच्या आजोबांनी तंबाखूला जन्मात शिवलं नाही असं नाना सांगत, पण चिलमीवर आजोबांचं नाव कोरलेलं. चौथ्यात एक नथ. कोंडामावशींच्या सासूने ती वरच्या आळीच्या सुनेने चोरली म्हणून जन्मभर बोंब मारली होती. मावशी म्हणाल्या, "ही आमची नव्हेच मुळी!" आणि पटकन कनवटीला लावली. एक लाकडी तुकडा मात्र कोणालाच ओळखेना. पोरांनी पंतोजींकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही," पंतोजी म्हणाले.

पोरं आ वासून बघत राहिली. गुरुजींना ठाऊक नाही! असं म्हणता येतं?

शेवटी गाळ संपला आणि खडक लागला. पंतोजी स्वतःच दोराला लटकून खाली उतरले. पोट दोनदा अडकलं, तेव्हा वरून सगळ्या शाळेने रेटा दिला. खाली त्यांना गंजक्या छिन्न्यांचे तुकडे सापडले. खडकावर हात फिरवला, तर छिन्नीचे घाव जसेच्या तसे होते. तीन लांब, एक आखूड. पुन्हा तीन लांब, एक आखूड. तळापासून काठापर्यंत सगळीकडे तेच.

हे कळताच ठकू म्हणाली, "असं मी पाहिलंय!" ती धावत गेली ती थेट नानांच्या घरात, आणि जात्याची वरची तळी उचलून घेऊन आली. मागून नानांची सून ओरडत आली, कारण जात्यात दळण होतं. तळीच्या पोटाशी तेच घाव. तीन लांब, एक आखूड.

आता गावातल्या जात्यांना छिन्नीने टाकी कोण लावतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. दर जत्रेला पाथरवट येतात, ओढ्यापलीकडे पालं ठोकतात आणि घरोघर जाऊन जात्यांना टाकी लावून देतात. पाण्यासाठी मात्र आडापासून दूर उभे राहतात. आडाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. कोणी वरून ओतलं तर त्यांनी भरून न्यायचं.

ठकूने विचारलं, "गुरुजी, आता राजाला काय सांगायचं?"

पंतोजींनी वरच्या आळीकडे पाहिलं, खालच्या आळीकडे पाहिलं. दोन्ही चुली विझताना त्यांना स्पष्ट दिसत होत्या. मग म्हणाले, "दिसलं तेवढं. त्याच्यापुढे एक शब्द नाही."

जत्रेला राजा आला. पोरांनी ढिगांपासून खडकापर्यंत सगळं दाखवलं आणि सांगितलं, "महाराज, हा आड पाथरवटांच्या हातांनी खणलाय."

नाना उसळले, "खणला असेल त्यांनी! पण खणवून घेतला आमच्या रायाजीबाबांनी!"

"नाहीतर म्हाळसाआजीने!" मावशी ओरडल्या.

"असेलही," पंतोजी म्हणाले. "ते गाळात सापडलं नाही. मला ठाऊक नाही."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे इतिहास अर्धाच ठाऊक?"

"अर्धाच, महाराज. आड उपसेपर्यंत माझ्याकडे पुरे दोन होते."

राजाने पाथरवटांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पुढे बोलावलं. तिला विचारलं, "तुमच्यात काय सांगतात? हा आड तुम्ही खणला?"

म्हातारी म्हणाली, "आम्ही आड खणले असं सांगतात, म्हाराज. कुठल्या गावचे ते नाही सांगत. लई खणले." मग तिने कठड्याच्या आतून हात घालून खडक चाचपला आणि थांबली. "तीन घाव आणि चौथ्याला दम. दम घेताना हात हलका पडतो, म्हणून तो आखूड. मला सासूने असंच शिकवलं."

राजाने दोर तिच्या हातात दिला. गाळ काढल्यावर आडाला नवे झरे फुटले होते. तिने पहिली घागर ओढली, आणि त्या वर्षी देवाची अंघोळ सकाळी झाली.

तेव्हा नाना आणि मावशी एकदम ओरडले, "हा पंतोजी आम्हाला नको!" त्या गावात दोन आळ्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच. "याला गावाबाहेर काढा, महाराज! आज आमच्या पूर्वजांना विचारतोय, उद्या कोणालाही विचारील!"

राजा निवाडा द्यायला तोंड उघडतो, तेवढ्यात ठकू म्हणाली, "महाराज, तुमच्या खापरपणजोबांनी एका फुंकरीने शत्रूची फौज उडवली म्हणतात. कशावरून?"

राजाने मिशीवरून हात फिरवला. एकदा ठकूकडे पाहिलं, एकदा पंतोजींकडे. मग नाना आणि मावशींना जवळ बोलावून हळूच म्हणाला, "याला बाहेर मुळीच काढू नका. बाहेर पडला, तर राज्यभर हेच शिकवत सुटेल. इथंच ठेवा आणि दोन्ही वेळा पोटभर जेवायला घाला."

आणि घाईघाईने हत्तीवर चढला.

तात्पर्य: ज्या गोष्टीने आपलाच मान वाढतो, तिचा पुरावा सगळ्यांत आधी मागावा. इतिहास घोकून येत नाही, विचारून येतो. आणि पुरावा संपला की "ठाऊक नाही" म्हणायला जो लाजत नाही, तोच इतिहास शिकवू शकतो.