शेळीच्या गळ्यातली घंटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही डोंगर आजच्याइतकेच उंच होते, पण माणसं त्यांना आजच्यापेक्षा जास्त मान देत. अशाच डोंगरांच्या पायथ्याशी, दाट झाडीला टेकून एक गाव वसलं होतं.

गावाच्या डोक्यावर एकावर एक असे तीन धबधबे कोसळत. खालचा तो धाकटा, त्याच्या वरचा मधला आणि सर्वांत वरचा थोरला. थोरल्याच्याही वर एक उघडा कडा होता. त्याला सगळे आभाळकडा म्हणत. तिथं उभं राहिलं की दरीपलीकडचा सारा मुलूख दिसे. शेतं दिसत, नदीचं वळण दिसे, लांबच्या गावांची देवळं दिसत. मात्र दुपार कलली की दरीतून ढग वर चढत आणि मग समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही उरत नसे.

पावसाळा सरला की वर्षातून एकदा सारा गाव भाकरी बांधून कड्यावर जाई आणि दिवे लागायच्या आत परते. पुढे हातात काठी घेऊन वाटाड्या चाले, कारण रानात फसव्या वाटा पुष्कळ. सर्वांत मागे जो चाले, त्याच्या गळ्यात गाईची पितळी घंटा असे. प्रत्येक धबधब्यापाशी वाटाड्यानं थांबायचं आणि घंटा येऊन पोचली की मगच पुढची चढण धरायची, असा रिवाज होता. रांगेतली माणसं कुणी मोजत बसत नसे. घंटा आली म्हणजे सगळे आले.

त्या वर्षी जुन्या वाटाड्याची नजर अधू झाली, म्हणून काठी एका तरुणाच्या हाती आली. हे वर्ष नीट पार पडलं तर काठी कायमची त्याची होणार होती. पोरगा होताही तसाच. पायांत बळ होतं, रानाची खडान्‌खडा माहिती होती, आणि या दोन्ही गोष्टी त्याला स्वतःला चांगल्याच ठाऊक होत्या.

आईबापांच्या मागे त्याला मावशीनं वाढवलं होतं. मावशीचं माहेर दरीपलीकडचं. मधल्या नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार नव्हता आणि फेऱ्याची वाट फार लांबची, त्यामुळे गुडघे धरलेल्या बाईला आता तिकडे जाणं व्हायचं नव्हतं. आभाळकड्यावरून मात्र माहेरचं तळं दिसे. पण अलीकडे तेही नशिबात नव्हतं. सर्वांत मागे चालणारी ती, घंटा तिच्या गळ्यात, आणि तिच्यासाठी थांबत थांबत गाव कड्यावर पोचेपर्यंत ढग येऊन बसलेले असत. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण मागे कुरकुर चाले. मावशीच्या कानांवर ती जात असे.

"मावशी, यंदा तुला तळं दाखवतोच," आदल्या दिवशी वाटाड्या म्हणाला.

"दाखव बाबा," मावशी म्हणाली. "पुढच्या वर्षी हे गुडघे मला वर नेतील असं काही वाटत नाही."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. घंटा लवकर पोचली पाहिजे. घंटा लवकर पोचली की गाव लवकर हलेल, गाव लवकर हललं की ढगांच्या आधी कडा गाठता येईल. विचार सरळ होता आणि सरळ विचार केला की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं.

सकाळी निघताना त्यानं मावशीच्या गळ्यातली घंटा काढली आणि मावशीच्या शेळीच्या गळ्यात बांधली.

"तुला ओझं कशाला?" तो म्हणाला. "मोकळी चाललीस तर पाय भराभर पडतील. शेळी तुझ्याच पायांत घोटाळत असते. ती तुझ्या मागं मागं येईल."

त्या काळी शेळ्या बोलत, आणि ही तर जरा जास्तच बोलायची. ती म्हणाली, "हे बघ बाबा, माझं काही खरं नाही. पुढं हिरवा पाला दिसला की माझे पाय माझं ऐकत नाहीत."

"तू फक्त घंटा वाजवत ये," वाटाड्या म्हणाला.

जुना वाटाड्या ओट्यावर बसून ऐकत होता. "रिवाज मोडतोयस का रे?" त्यानं विचारलं.

"मोडतोय कुठं, आजोबा? घंटा आहे की."

गाव निघालं.

धाकट्या धबधब्यापाशी रांग टेकते न टेकते तोच घंटा किणकिणत आली. लोकांनी तोंडं धुतली आणि ताजेतवाने होऊन पुढे निघाले. दर वर्षी इथंच किती वेळ जात असे. मधल्या धबधब्यापाशी तर लोकांनी भाकरीची फडकी सोडली नव्हती, तेवढ्यात घंटा हजर. "पोरगा कामाचा निघाला," लोक म्हणाले. वाटाड्यानं ते ऐकलं आणि त्याचे पाय आणखी हलके झाले. थोरला धबधबा त्यानं जवळजवळ पळतच ओलांडला.

आणि काय सांगावं, आभाळकडा स्वच्छ होता. ऊन पडलं होतं. दरीत ढगाचा पुंजका नव्हता. लोक हात लांब करून एकमेकांना गावं दाखवू लागले. ज्याला त्याला आपल्या लेकीचं सासर, आपल्या आईचं गाव दिसत होतं. एका माणसानं वाटाड्याला खांद्यावर उचललं. काठी कायमची तुझीच, असं चारचौघांनी बोलून दाखवलं. वाटाड्याला त्या दिवशी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

मग तो मागे वळून म्हणाला, "मावशी, ये पुढं. तळं बघ."

मागे मावशी नव्हती. तिथं शेळी करवंदीचा पाला खात उभी होती आणि मान हलेल तशी घंटा वाजत होती.

वाटाड्या शेळीकडे धावला. "मावशी कुठाय?"

"मला काय ठाऊक?" शेळी म्हणाली. "तू मला घंटा वाजवत ये म्हणालास. मी आले."

रागावायला जागाच नव्हती. शेळीनं सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं. त्यानं काठी तिथंच टाकली, शेळीच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि आल्या वाटेनं धावत सुटला. थोरल्यापाशी मावशी नव्हती. त्यानं हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्याच्या हाका त्यालाच ऐकू येईनात. रानातल्या एकेक फसव्या वाटेची त्याला आठवण होऊ लागली. आजवर त्या ओळखता येतात याचा त्याला अभिमान होता, आज त्यांची भीती वाटली.

मधल्या धबधब्याशी, जिथं वाटेला दोन फाटे फुटतात, तिथं मावशी एका दगडावर बसलेली दिसली. शेवाळावरून पाय घसरून घोटा सुजला होता. तो तिच्यासमोर खाली बसला.

"तुम्ही कुठल्या फाट्यानं गेलात ते कळेना," मावशी म्हणाली. "म्हटलं, उगाच रानात शिरण्यापेक्षा इथंच बसावं. वाटलं, शेळी मागंच कुठंतरी चरत असेल. घंटा नाही आली की तू येशीलच."

वाटाड्यानं मान खाली घातली. "घंटा आली होती, मावशी."

मावशीनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि त्याला रडू आलं.

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि कडा चढला. पण पोचेपर्यंत ढगांनी आपलं काम केलं होतं. मावशी बराच वेळ त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू तर बघितलंस ना? तळ्यात पाणी आहे का रे अजून?"

आता काय सांगावं? तो कड्यावर सर्वांच्या आधी पोचला होता, ढग यायच्या आत तिथं उभा होता, आणि त्यानं तळ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं फक्त शाबासकी देणाऱ्यांची तोंडं पाहिली होती.

"मी बघितलं नाही, मावशी," तो म्हणाला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्याला बोल लावला नाही. कारण त्यांनी सारा मुलूख पाहिला होता, पण मावशी मागे नाही हे त्यांनीही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी गाव खाली उतरलं. वाटाड्यानं घडलेलं सारं जुन्या वाटाड्याला सांगितलं आणि काठी त्याच्यापुढे ठेवली.

म्हाताऱ्यानं विचारलं, "शेवटचं माणूस घंटा घेऊन वर पोचलं का?"

"नाही."

"मग यंदाची चढण झालीच नाही. मावशीचा घोटा बरा झाला की पुन्हा जायचं. सगळ्यांनी."

लोकांचे पाय दुखत होते, पण कुणी ब्र काढला नाही.

"आणि आजोबा, घंटा माझ्याकडेच राहू द्या," तरुण म्हणाला. "मी मागनं येतो. काठी मावशीच्या हातात असू दे."

"ती पुढं चालली तर ढगांच्या आधी पोचायचं कसं?" कुणीतरी विचारलं.

"लवकर निघून," तो म्हणाला. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला सुचली नव्हती.

घोटा उतरल्यावर, कोंबडं आरवायच्या आत गाव पुन्हा निघालं. पुढे काठी टेकत मावशी, तिच्या मागे तिच्या चालीनं सारा गाव, आणि शेवटी गळ्यात घंटा बांधलेला वाटाड्या. शेळी मधेच कुठंतरी होती आणि वाटेवरचा पाला मनसोक्त खात होती. फाटा आला की मावशी थांबे, वाटाड्या मागून हाळी देऊन वाट सांगे. प्रत्येक धबधब्यापाशी लोक घंटेची वाट बघत आणि घंटा आली तरी एकदा मागे वळून माणसांची तोंडं पाहत.

कडा गाठला तेव्हा ऊन कोवळंच होतं. मावशीनं डोळ्यांवर हात धरला.

"आहे," ती म्हणाली. "पाणी आहे. आणि काठचं चिंचेचं झाडसुद्धा आहे."

मग ती खाली बसली, आणि ढग येईपर्यंत तिथून हलली नाही. तिच्या आधी कुणी उठलंही नाही. वाटाड्या तिच्या शेजारी बसला आणि तिनं दाखवलं ते तळं त्यानं नीट पाहून घेतलं.

पुढे काठी कायमची त्याच्याकडे आली. पण तो ती दर वर्षी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या हाती देई आणि आपण घंटा बांधून मागे राही. त्या गावात अजूनही वाटाड्या मागेच चालतो म्हणतात.

तात्पर्य : खूण पोचली म्हणजे माणूस पोचलं असं नाही, ज्याला सोबत न्यायचं, त्याच्याकडे वळून बघावं लागतं.