पोपच्या मिस्सेचं प्रवचन

“मग ते संत होते की गुन्हेगार? एका शब्दात सांगा, फादर!”

ऑल्विन रुमाव दारातूनच विचारत आत आला. महिन्याभराने त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळायची होती; तोवर तो नुसता डिकन, पुरोहिताचा मदतनीस. पोप वारले होते. वसईकडच्या त्या चर्चमध्ये उद्या सकाळी त्यांच्या स्मरणार्थ मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, होती आणि प्रवचन ऑल्विननेच करायचं, असं म्हाताऱ्या फादर आग्नेलनी ठरवलं होतं.

फादर चर्चमागच्या खोलीत मेणबत्त्यांच्या स्टँडवरचं मेण खरवडत होते.

“तू काय लिहिलंस?”

“दोन प्रवचनं लिहिली. एकात ते गरिबांचे कैवारी. दुसऱ्यात...” त्याने खालचा कागद वर घेतला. “दुसऱ्यात रोझलीन मावशी.”

खरवडणं थांबलं.

बारा वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या फादरने मावशीच्या लेकावर अत्याचार केले होते. मावशीने थेट पोपना पत्र लिहिलं. उत्तर आलंच नाही. लेक अजून दार लावून बसतो. मावशी मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर.

“उद्याही ती समोर असणार. तिच्याकडे बघून ‘कैवारी’ म्हणायला जीभ रेटेल माझी? आणि दुसरं वाचलं, तर दीक्षा लांबणार. आईने पाहुण्यांना सांगूनसुद्धा ठेवलंय.”

“घाबरलास?”

“घाबरलोय. पण तुमच्यासारखा जन्मभर गप्प नाही बसणार!”

भिंतीला धरत फादर चर्चमध्ये गेले, पापनिवेदनाच्या लाकडी खोपटापाशी थांबले आणि पुरोहिताच्या खुर्चीकडे बोट केलं.

“बस.”

“मी?”

“बस म्हटलं ना, शहाण्या.”

तो बसला. जाळीपलीकडे फळीवर गुडघे टेकल्याचा आवाज आला.

“फादर, उठा! मी डिकन आहे. मला क्षमा द्यायचा अधिकार नाही.”

“क्षमा मागितली कुणी?” जाळीखालून एक पिवळं पाकीट सरकलं. वर मावशीचं अक्षर. “पुढे धाडायला तिने माझ्याकडे दिलं होतं. बाकीच्यांच्या पत्रांचं पोपनी काय केलं, मला ठाऊक नाही. हे त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. चर्चची अब्रू जाईल म्हणून मी दाबून ठेवलं.”

...

ऑल्विनने पाकीट उलटून पाहिलं.

“हे... हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“एका पुरोहिताला. दहा वर्षांपूर्वी असाच गुडघे टेकून सांगितलं.”

“मग?”

“मग काय! पापनिवेदनात ऐकलेलं पुरोहिताने मरेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं. त्याने नाही काढलं.”

“मग महिनाभर थांबायचंत, फादर... मी पुरोहित झालो असतो. तुम्हाला क्षमा तरी देऊ शकलो असतो.”

“म्हणूनच थांबलो नाही. डिकनचं तोंड अजून मोकळं असतं.”