पदरावरचा हिरवा डाग

भाविकहो, त्या दिवसांत धवलगिरी महाराज बोरखेडीच्या पारावर उतरले होते. तिथल्या अंबूताई पाटलीण मोठ्या तोऱ्याच्या. धाकट्या सुनेला मुलगा झाला, तेव्हापासून थोरल्या सारजेवर त्यांचा कडक पहारा. सारजेची कूस उजवली नव्हती आणि ती महाराजांच्या पायाशी बसायची, एवढाच तिचा गुन्हा! "त्या गोसावड्याचा अंगारा आणते, काय कालवते कुणास ठाऊक," असं पाटलीणबाई उघड म्हणत.

पाचवी पुजायच्या दिवशी सकाळपासून बाळ दूध टाकू लागलं. सारजेनं त्याला खांद्यावर घेतलं, तर उलटी तिच्या पदरावर. हिरवीगार! पाटलीणबाईंनी तो पदरच धरला.

"पाला चारलास! जळतेस तू माझ्या नातवावर!"

"देवाशपथ नाही हो, आत्याबाई! पोट बघा कसं टम्म फुगलंय. दवाखान्यात न्या त्याला."

पण ऐकतंय कोण? जमलेल्या बायकाही तिच्याकडे संशयानं बघू लागल्या. सारजेला अंगणात काढलं आणि बाळाच्या पोटावर डाग द्यायला बिब्बा तापत ठेवला. अरेरे, केवढंसं ते पोट!

"महाराज, हे मला काहीही म्हणोत, पण लेकरू वाचवा!" सारजेनं हंबरडा फोडला.

तोच महाराज दारात उभे! त्यांनी बाळ मांडीवर घेतलं. पाटलीणबाई डोळ्यांत तेल घालून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होत्या. बाळ कण्हलं, ओकलं, आणि महाराजांचं पांढरं उपरणं हिरवं झालं.

"बाई, आता मीही पाला चारला का?" महाराज म्हणाले. "हे पित्त आहे. आतली वाट अडली की तान्हं बाळ हिरवं ओकतं. डाग नको, घुटी नको. तडक दवाखाना गाठा."

गाडी कुठून आणायची, असं कुणी म्हणतंय तोवर दारात जीप थांबली. चालक म्हणाला, "आत्ताच महाराजांनी पुलावर हात केला. पाटलांचं बाळ न्यायचंय म्हणाले." आणि महाराज तर बाळाला मांडीवर घेऊन इथंच बसलेले!

जिल्ह्याच्या इस्पितळात लगेच ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ पडला होता. आणखी उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाळ घरी आलं तेव्हा पाटलीणबाई महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. महाराजांनी पाय आवरून घेतले.

"माझ्या उपरण्यावर डाग पडला तेव्हा तुम्ही मानलंत. तिच्या पदरावर तोच तर होता."

पाटलीणबाईंना रडू आवरेना. त्यांनी नातवाला सारजेच्या मांडीवर ठेवलं आणि साऱ्या गावादेखत त्या आपल्या सुनेपुढं वाकल्या.