बिनवासाची हवा

बापूसाहेब ढमढेऱ्यांनी कोंबड्यांच्या शेडमधली घाण हवा लाकडाच्या भुशातून गाळायला सुरुवात केली. भुशातले जीवाणू दुर्गंध खात, पण धरती तापवणारा बिनवासाचा वायू सोडत. तो मोजल्याशिवाय बापूसाहेबांनी मागितलेल्या दुसऱ्या शेडला परवानगी द्यायची नाही, असं सरपंच इंदुमतीताईंच्या मनात होतं. पण गावाला पटवायचं कसं?

ग्रामसभेत बापूसाहेब ऐटीत म्हणाले, "येतोय का कुणाला वास? वास नाही, म्हणजे वायू नाही."

इंदुमतीताई म्हणाल्या, "स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो, बापूसाहेब. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. तुमच्याकडे बिनवासाचा सिलिंडर पाठवू का?"

बायकांच्या रांगेतून बापूसाहेबांच्या सौभाग्यवतीच उठल्या. "मुळीच नको. अहो, आधी तो वायू मोजून घ्या, मग शेडचं बघा."

बापूसाहेबांनी मान डोलावली, आणि इंदुमतीताईंनी समाधानानं सगळ्यांना चहा सांगितला.