शिक्षेतला वाटा

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण तिथली एक रीत मला ठाऊक आहे, आणि लहानथोरांना ती सांगताना माझी छाती अभिमानाने फुगते.

रीत अशी, की कुणालाही शिक्षा सुनावण्याआधी राजा भर दरबारात विचारायचा, "या शिक्षेत आणखी कुणाचा वाटा आहे का?" वाटा म्हटला की एरवी सतरा हात पुढे येतात. इथे मात्र ज्याला त्याला आपापल्या पायांचे अंगठे दिसू लागायचे.

एकदा दसऱ्याच्या मिरवणुकीत तिथला नवा पूल कोसळला. जीव कुणाचा गेला नाही, पण पालखीचे दोन भोई जन्माचे अधू झाले. पूल बांधणाऱ्या गवंड्याला दरबारात उभं केलं. त्याने पुन्हा कधी थापीला हात लावायचा नाही, अशी शिक्षा ठरली. त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन दाराशी रडत होती.

राजाने रीतीप्रमाणे प्रश्न विचारला, आणि चक्क प्रधान उठले! राज्यात त्यांच्याइतका कर्तबगार माणूस नव्हता. दुष्काळात त्यांनी एकही चूल विझू दिली नव्हती.

"महाराज, वाटा कसला, सगळी शिक्षाच माझी आहे. चुना पक्का व्हायला या गवंड्याने दिवाळीपर्यंत मुदत मागितली होती. दसऱ्यालाच पूल खुला करायचा, हा हट्ट माझा. हातातलं काम काढून घ्यायचं, तर माझ्या हातातलं घ्या."

खजिनदार त्यांच्या कानाशी लागले, "अहो, खाली बसा! गवंडी काय, उद्या दुसरा मिळेल. तुमच्यासारखा प्रधान कुठून आणायचा?"

"मी खाली बसलो, तर उद्या खरं सांगणारा गवंडी या राज्यात मिळायचा नाही," प्रधान म्हणाले. त्यांनी पगडी उतरवून सिंहासनापुढे ठेवली. गवंडी सुटला.

तेवढ्यात त्याची बायको पुढे आली. "महाराज, मी या प्रधानांना शिव्याशाप द्यायला आले होते. आता सांगते, प्रधान असावेत तर असे. यांनाच ठेवा."

"यांनाच ठेवा!" सारा दरबार गरजला. राजाने पगडी उचलली.

प्रधानांनी हात जोडले. "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण सोडलेलं पद लगेच परत घेतलं, तर ते नुसतं नाटक होईल. मग त्या भोयांच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

आणि ते बोडक्या डोक्याने भर बाजारातून भोयांच्या घरी चालत गेले. त्यांना पाहून दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहिले. पगडी असताना त्यांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

इकडे खजिनदार घसा खाकरत पुढे सरसावले. "महाराज, ती जागा आता रिकामी झाली आहे. माझा अनुभव…"

"तुमचा सल्ला मी मघाशी ऐकला," राजा म्हणाला. "जागा रिकामी राहिलेली बरी."

तात्पर्य: चूक स्वतःच्या माथी घेऊन ज्याला पद सोडता येतं, तोच त्या पदाला लायक असतो.